‘थोडं बधीर राहतं, सवय होते’ : हे वाक्य आता आपण बंद करू या

जरा मोठी पोस्ट आहे. चहा घेऊनच बसा.

गेल्या आठवड्यात आपल्यातल्याच एका आईने विचारलं होतं. मुलगा १७ वर्षांचा, खालचा जबडा मागे आहे, ब्रेसेस चालू आहेत, आता कन्सल्टंटने सर्जरी सांगितली आहे. “ओठाला बधिरपणा येऊ शकतो म्हणाले, कुणाला अनुभव आहे का?” एवढाच साधा प्रश्न. खाली भराभर उत्तरं आली आणि सगळ्यांचा सूर एकच. “काही नाही हो, थोडं बधीर राहतं, सवय होते.” “आमच्या भाच्याचं झालं, आता हिरोसारखा दिसतो.” “इंडियात करून घ्या, समरच्या सुट्टीत उरकून जाईल.” एका ताईंनी तर लिहिलं, “चेहरा सुधारतोय ते बघा ना, ओठाचं काय घेऊन बसलात!”

तर ओठाचं घेऊन बसलेली एक आई हे लिहिते आहे.

माझ्या लेकीची हीच सर्जरी इथे यूकेत तीन वर्षांपूर्वी झाली. तेव्हा ती १७ची होती, आज २०ची आहे. तिच्या खालच्या ओठाचा उजवा अर्धा भाग आणि हनुवटीची उजवी बाजू आजही बधीर आहे. सर्जन म्हणतात, आता यात फारसा बदल होणार नाही.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगते. मी सर्जरीच्या विरोधात नाही. लेकीचे पुढचे दात एकमेकांना टेकतच नसत. सँडविचचा घास तोडता येत नसे, शेवया ओढून खायला लागत, जबडा दुखायचा. आज ती सफरचंद चावून खाते. तिला विचाराल तर ती म्हणेल, मी परत करीन. सर्जननेही काम नीट केलं. माझं भांडण त्यांच्याशी नाही. माझं भांडण त्या वाक्याशी आहे आणि ते वाक्य तिला सगळ्यात आधी ऐकवणाऱ्या बाईशी आहे. ती बाई म्हणजे मी.

आधी ‘बधीर’ म्हणजे काय ते समजून घ्या

खालच्या जबड्याच्या हाडातून दोन्ही बाजूंना एक-एक नस जाते. हाडातच तिच्यासाठी बोगदा असतो. दातांच्या मुळांखालून पुढे येत ती हनुवटीच्या जरा बाजूला एका छिद्रातून बाहेर पडते आणि खालचा ओठ, हनुवटी, पुढच्या हिरड्या यांना स्पर्श पुरवते. खालचा जबडा पुढे-मागे करण्याची जी सर्जरी सगळ्यात जास्त होते, ती ट्राउनर आणि ओब्वेगेसर या दोघांनी १९५७ साली इंग्रजीत मांडली आणि नंतर तिच्यात पुष्कळ सुधारणा झाल्या. तिच्यात हाड दोन्ही बाजूंना लांबीच्या दिशेने चिरून उकलतात, पुस्तकाची दोन पानं वेगळी करावीत तसं. मग पुढचा तुकडा सरकवून पट्ट्या आणि स्क्रूने बसवतात. ही नस नेमकी त्या दोन पानांच्या मध्ये असते.

म्हणून सर्जरीनंतर पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येकाचा ओठ बधीर असतो. तो अपघात नव्हे. नस ताणली जाते, सुजते, दाबली जाते. पुढे काय होतं ते तिला किती मार लागला यावर ठरतं. सेडन नावाच्या ब्रिटिश सर्जनने १९४३ साली नसांच्या इजेचे तीन प्रकार सांगितले, ते आजही वापरतात. पहिल्यात नस फक्त काही काळ काम थांबवते, आठवड्यांत किंवा दोन-तीन महिन्यांत ठीक होते. दुसऱ्यात आतले धागे तुटतात पण बाहेरचं वेष्टण शाबूत राहतं. मग धागे परत वाढतात, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने. म्हणजे महिने लागतात, आणि वाढलेले धागे आपापल्या जुन्या जागीच जातील असं नाही. तिसऱ्यात नस पूर्ण तुटते, आणि ती आपली आपण जुळण्याची आशा फार थोडी.

बहुतेकांना पहिल्या वर्षात पुष्कळ स्पर्श परत येतो. काहींना पूर्ण, काहींना अर्धवट. काहींचा थोडासा भाग कायमचा बदललेला राहतो. वय जास्त तर हे कायम राहण्याची शक्यताही जास्त. त्याच वेळी हनुवटीचंही हाड कापलं तर आणखी जास्त. वर्ष-दीड वर्षानंतर जे उरतं, ते बहुधा तसंच राहतं.

आणि एक गोष्ट, जी मला लेक भूल उतरून जागी झाल्यावर कळली. ही नस स्पर्शाची आहे, हालचालीची नाही. ओठ हलतो, हसू येतं, चेहरा वाकडा होत नाही. म्हणजे बाहेरून कुणालाच काही दिसत नाही. आपल्या सगळ्या कमेंट्स त्यामुळेच इतक्या बिनधास्त असतात. भाचा हिरोसारखा दिसतो ते तुम्हाला दिसतं. भाच्याला स्वतःचा ओठ जाणवतो का, हे तुम्ही त्याला कधी विचारलंत?

“थोडं” म्हणजे किती?

दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर ओठ जाडजूड, परका वाटतो ना? दोन-तीन तासांनी उतरतं आणि आपण हुश्श करतो. तेच, पण न उतरणारं. हे “थोडं”.

आमटी गरम आहे हे जिभेला कळतं, ओठाला कळत नाही. पहिल्या वर्षी लेकीचा ओठ चहाने दोनदा पोळला, आणि आरशात फोड दिसला तेव्हाच तिला कळलं. जेवताना वरणभाताचं शीत हनुवटीला चिकटतं, तिला पत्ता नसतो. आमच्या घरात खूण ठरली आहे. मी माझ्या हनुवटीला बोट लावलं की ती पुसते. पण युनिव्हर्सिटीच्या कॅन्टीनमध्ये तिची आई समोर नसते, म्हणून ती चारचौघांत दर दोन घासांनी टिश्यू फिरवते. पाणी पिताना ओघळ येतो. ओठ नकळत चावला जातो. थंडीत बाहेर पडली की अर्धी हनुवटी गार लागते, अर्धी कुठे आहे तेच कळत नाही. मुलांच्या बाबतीत दाढी करताना कापलेलं समजत नाही.

आणि आता ते सांगते जे आपल्यापैकी कुणीच लिहीत नाही, कारण आपण मराठी आईबाप आहोत. ओठ फक्त वरणभात खायला नसतात. आपली मुलं १७-१८ वर्षांची आहेत. ती प्रेमात पडतील, कुणाचं तरी चुंबन घेतील. त्या वेळी ओठाच्या अर्ध्या भागाला काहीच जाणवत नसेल, तर ती “छोटी गोष्ट” आहे हे ठरवणारे आपण कोण? लेकीने मला हे सांगायला दोन वर्षं लावली. दोन वर्षं! का, तर घरात या विषयाला जागाच नव्हती. कन्सल्टेशनच्या खोलीत तर मी तिच्या शेजारीच बसले होते, तिथे ती काय विचारणार?

सगळ्यांनाच नुसता बधिरपणा येतो असंही नाही. काहींना कायम मुंग्या येतात. काहींना साधा वारा लागला तरी चटका बसल्यासारखं दुखतं. हे वेगळं प्रकरण आहे. साध्या पेनकिलरने ते थांबत नाही, त्याला नसांच्या दुखण्याची औषधं लागतात. अशा मुलाला “सवय होते” सांगणं म्हणजे त्याच्या जखमेवर हात ठेवून “दुखत नाही” म्हणण्यासारखं आहे.

“सवय होते” हे कोणी म्हणायचं?

होते. खरंच होते. बऱ्याच जणांना काही काळाने दिवसाचे तासन् तास ओठाची आठवणही येत नाही. माझी लेक स्वतः म्हणते, “आई, आता मी विसरते कधी कधी.” पण हे वाक्य तिचं आहे. ते तिने भोगून कमावलं आहे. सर्जरीच्या आधी, प्रश्नाला उत्तर म्हणून, आपण ते फुकटात वाटायचं नाही. ज्याला बसतं त्याने “सवय झाली” म्हणावं. बाकीच्यांनी “सवय होते” म्हटलं की त्याचा अर्थ होतो, “विषय संपव.”

शिवाय सवय आपोआप लागते हेही अर्धंच खरं. तिच्यासाठी काम करावं लागतं. आरशासमोर बसून मऊ ब्रश ओठावर आणि हनुवटीवर फिरवायचा, खालून वर, डावीकडून उजवीकडे. आधी डोळे उघडे, मग मिटून. चांगल्या बाजूशी तुलना करायची. रोज, थोडा थोडा वेळ, महिनोन् महिने. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या लोकांनी २००७ साली या व्यायामांवर अभ्यास प्रसिद्ध केला. हे व्यायाम करणाऱ्यांना बदललेल्या स्पर्शाचा जाच कमी वाटला. नस त्यामुळे लवकर वाढते असं नाही. तुटक-तुटक येणाऱ्या निरोपांचा अर्थ लावायला मेंदू शिकतो. आम्हाला हे सर्जरीनंतर सात महिन्यांनी कळलं. आधी का नाही? कारण मी ठरवून टाकलं होतं, सवय होते.

खोलीत कोण बोलत होतं?

आता खरा मुद्दा. सर्जनने बधिरपणाचं सांगितलं होतं. फॉर्मवर लिहिलेलंही होतं. त्यांनी लेकीकडे बघून विचारलं, याबद्दल तुला काय वाटतं? ती म्हणाली, “Um…” एवढंच. आणि मी लगेच म्हणाले, “शी इज फाइन डॉक्टर, वुई हॅव रेड एव्हरीथिंग.” वाचलं काहीच नव्हतं. पण डॉक्टरांचा वेळ घ्यायचा नाही, शहाण्यासारखं दिसायचं, ‘आम्ही शिकलेली माणसं आहोत’ हे दाखवायचं, ही आपली परदेशात आल्यापासूनची खोड. गाडीत बसल्यावर तिने विचारलं, “आई, म्हणजे नक्की काय होणार?” मी म्हणाले, “अगं काही नाही, थोडं बधीर राहतं, सवय होते.”

कुणाकडून ऐकलं होतं मी ते? अशाच एका कमेंटमधून.

इथला कायदा माझ्यापेक्षा शहाणा निघाला. यूकेत १६ पूर्ण झाली की उपचाराला संमती मूल स्वतः देतं. सही तिची होती, माझी नव्हती. आणि २०१५ साली इथल्या सुप्रीम कोर्टाने मॉन्टगोमेरी विरुद्ध लॅनार्कशायर हेल्थ बोर्ड या खटल्यात सांगितलं की कोणता धोका महत्त्वाचा हे डॉक्टरांच्या नजरेने ठरवायचं नाही. त्या रुग्णाच्या जागी असलेल्या माणसाला तो महत्त्वाचा वाटेल का, हे बघायचं. क्लॅरिनेट वाजवणाऱ्या मुलीला, शेफ व्हायचं असलेल्या मुलाला, गायला बसणाऱ्याला ओठाचं मोल वेगळं असणार. डॉक्टरांनी ते विचारायचंच आहे. पण उत्तर द्यायला आईच पुढे सरसावली, तर कायदा तरी काय करणार?

अमेरिकेत बहुतेक राज्यांत १८च्या आधी सही आईबापांची असते. तिथल्या मंडळींनो, तुमची जबाबदारी तर दुप्पट आहे. सही तुमची, ओठ त्याचा.

“इंडियात उरकून घ्या”

मुंबई-पुण्यात उत्तम सर्जन आहेत, याबद्दल मला शंका नाही. प्रश्न हाताच्या कौशल्याचा नाही, कॅलेंडरचा आहे. सर्जरीच्या आधी बहुतेकदा वर्ष-दीड वर्ष ब्रेसेस, नंतर परत काही महिने ब्रेसेस. नसेची गोष्ट कळायला पूर्ण वर्ष. आणि आपलं परतीचं तिकीट सहा आठवड्यांचं! तिथल्या सर्जनला तिसऱ्या महिन्यात ओठ दाखवणार कसा, व्हॉट्सॲपवर? इथल्या डॉक्टरांना आत नेमकं काय झालं ते कसं कळणार? ज्यांना करायचंच आहे त्यांनी करा, पण इथे पुढे कोण बघणार हे आधी पक्कं करा आणि ऑपरेशनची पूर्ण नोंद हातात घेऊनच विमानात बसा.

कायद्याचा फरकही माहीत असू द्या. २००८ साली समीरा कोहली खटल्यात भारताच्या सुप्रीम कोर्टाने डॉक्टरने पुरेशी माहिती द्यायलाच हवी असं सांगितलं, पण प्रत्येक दूरचा धोका सांगायलाच हवा असं म्हटलं नाही. म्हणून तिथे प्रश्न विचारण्याचं काम आपल्यावर जास्त येतं. आणि आपण तिथे काय करतो? “डॉक्टर, तुम्ही म्हणाल तसं.”

“अशाने लोक घाबरतील”

हे मला हमखास कुणीतरी लिहिणार, म्हणून आधीच उत्तर देते. हा मुद्दा खोटा नाही. काहींना झोपेत श्वास अडकतो, काहींना चावता येत नाही, त्यांना ही सर्जरी खरंच लागते. आणि भीतीने दहा-पंधरा वर्षं पुढे ढकलली तर नसेचा धोका वयाबरोबर वाढतो, हे वर सांगितलंच. म्हणजे “थांबा” हा काही शहाणपणाचा सल्ला नाही.

पण खरं ऐकून घाबरलेलं मूल आणि खोटं ऐकून निर्धास्त झालेलं मूल, यात मला आता पहिलं हवं. घाबरलेलं मूल प्रश्न विचारतं. निर्धास्त मूल भूल उतरल्यावर एकटं पडतं. माझी लेक सर्जरीबद्दल एकदाही मला बोलली नाही. ती बोलली ते हे : “तू मला सांगितलं असतंस ना, तरी मी हो म्हटलं असतं. पण मग ते माझं असतं.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

मग काय करायचं?

आधी हे विचारा, आणि मुलालाच विचारू द्या :

१. फक्त खालचा जबडा, की हनुवटीही? की वरचाही? (वरच्या जबड्याच्या सर्जरीत गाल, वरचा ओठ, टाळू बधीर होऊ शकतात. ते बहुधा लवकर सुधारतं.)

२. एका वर्षानंतर तुमच्या स्वतःच्या रुग्णांपैकी किती जणांना फरक जाणवतो? आणि हे त्यांना विचारून मोजलं, की टोचून तपासून? दोन्हींचे आकडे वेगळे येतात.

३. स्कॅनमध्ये नस हाडाच्या कडेला किती जवळ दिसते?

४. नंतर स्पर्श कोण तपासणार, किती वेळा?

५. सुधारलं नाही तर मला कुणाकडे पाठवाल?

सर्जरीनंतर :

ऑपरेशनच्या नोंदीत नस दिसली का, सोडवावी लागली का, शाबूत होती का, हे लिहिलेलं असतं. त्याची प्रत मागा. दर महिन्याला मुलाच्या फोटोवर बधीर भाग पेन्सिलने रंगवा. भाग लहान होत गेला, मुंग्या-झिणझिण्या सुरू झाल्या, तर बहुतेकदा चांगली खूण. पहिल्या तीन महिन्यांत काडीचाही फरक नसेल, किंवा बधिरतेऐवजी दुखणं वाढत असेल, तर पुढच्या तारखेची वाट बघत बसू नका, फोन करा. नस दुरुस्त करायची वेळ आलीच, तर उशिरापेक्षा लवकर बरी. ब्रशचे व्यायाम पहिल्या भेटीतच विचारून घ्या. चहा-सूप आधी चमच्याने जिभेवर. आणि स्कॅन नॉर्मल आला म्हणून “मनाचे खेळ आहेत” असं मुलाला म्हणू नका. स्कॅनमध्ये स्पर्श दिसत नाही.

दुखण्यासाठी प्रीगॅबालिन वा गॅबापेंटिन दिलं असेल तर परस्पर बंद करू नका. यूकेत ही औषधं एप्रिल २०१९ पासून नियंत्रित यादीत आहेत. आखाती देशांत असाल किंवा तिकडून प्रवास करणार असाल तर तिथले नियम आणि प्रिस्क्रिप्शनचं आधी बघा. आजीच्या पर्समध्ये टाकून पाठवायची ही गोळी नाही.

आणि शेवटचं. पुढच्या कन्सल्टेशनला मुलाला दहा मिनिटं एकट्याने आत बसू द्या. खरंच. बाहेरच्या खुर्चीवर बसा, फोन बघा, भिंतीवरची पोस्टर्स वाचा. त्याला ओठाबद्दल जे विचारायचं आहे ते तो तुमच्यासमोर विचारणार नाही.

ज्या आईने प्रश्न विचारला होता, तिला मी वेगळं लिहिलं आहेच. इथे सगळ्यांना एवढीच विनंती. पुन्हा कुणी असं विचारलं आणि तुम्हाला अनुभव नसेल, तर काही लिहू नका. अनुभव असेल तर ज्याच्या ओठावर तो आला, त्याला आधी विचारा आणि मग त्याच्या शब्दांत लिहा. ही पोस्ट मी लेकीला दाखवूनच टाकते आहे. चुंबनाचा परिच्छेद काढू का, असं विचारलं होतं. म्हणाली, “तोच ठेव.”